सोपानरावांची पूर्व

सूर्य पूर्वेला उगवतो, या एका बाबतीत मनुष्यजातीत आजवर मतभेद झालेले नाहीत. धर्म वेगळे झाले, पक्ष फुटले, सख्ख्या भावांनी वीतभर बांधापायी कोर्टात जन्म घालवला. पण सूर्याच्या गावाबद्दल कुणी अपील केलं नाही. चाकणच्या अलीकडे खडकवस्ती म्हणून वीस-पंचवीस उंबऱ्यांची वाडी आहे. तिथे मात्र सोपानराव गाडे यांनी या प्रश्नावर स्वतंत्र भूमिका घेतली आणि ती मुद्रांकावर लिहून दिली.

सोपानराव चाकणच्या एका कंपनीत कॅलिब्रेशन विभागाचे प्रमुख. म्हणजे कंपनीतली मोजमापाची जेवढी उपकरणं आहेत ती खरं बोलतात की खोटं, हे ठरल्या तारखेला तपासायचं आणि वर हिरवा स्टिकर चिकटवायचा. बावीस वर्षं हेच केल्यामुळे बिनस्टिकरच्या गोष्टींवर त्यांचा विश्वास बसत नसे. बायकोने भाजीत मीठ जरा जास्त झालंय म्हटलं, तर ते "जरा म्हणजे किती?" असं विचारत. त्यांच्या टेबलावर काचेखाली एक पाटी होती : 'मोजल्याशिवाय बोलू नये.' पाटी त्यांनी स्वतः लिहिलेली होती.

राहायला ते रावेतला, सातव्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड केलेल्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी पाच वाजता टीव्हीवर इतकं ऊन पडे की बातम्या फक्त ऐकता येत. पावसाळ्यात बाल्कनीतला कपड्यांचा स्टँड दोनदा एकटाच खाली जाऊन आला होता. तेव्हा निवृत्तीच्या आधी गावी, स्वतःच्या जागेत, योग्य दिशेचं घर बांधायचं हे त्यांनी पक्कं केलं. जागा वडिलांची. तात्याबांचं वय एक्याऐंशी. शेताच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत. त्यांनी तीन गुंठे काढून दिले आणि एकच अट घातली.

"मला बाकी काय नगं. सकाळचं कवळं ऊन ओसरीवर यावं, गुडघं शेकायला. आन् पाऊस घराच्या पाठीवर पडावा, तोंडावर न्हाई. बास."

अट घालून ते थांबले नाहीत. चैत्राच्या सुरुवातीला, ऐन दिवस उगवताना, त्यांनी जागेवर दोन बाभळीच्या खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधून ठेवली. घराचं तोंड ह्या दोरीनं, असं त्यांचं म्हणणं. दोरी शेताच्या बांधाला जवळजवळ समांतर होती, कारण बांध त्यांच्या आज्याने घातला होता आणि आज्याला पण गुडघे होते.

घर बांधणाऱ्या माणसाला सल्ला मिळायला खर्च येत नाही. शेजारच्या मंजुळाबाई म्हणाल्या, "सोपाना, दार रस्त्याकडं ठीव. येनारंजानारं दिसतं, येळ जातो." चुलतभाऊ बाळू, ज्याचा जेसीबी होता आणि जो त्यामुळे प्रत्येक जमिनीकडे खणायच्या नजरेने बघे, तो म्हणाला, "दादा, तोंड हायवेकडं कर राव. उद्या म्होरं दोन गाळे काढता येतील." कंपनीतल्या, माणला राहणाऱ्या एका गृहस्थांनी तर सगळाच प्रश्न निकालात काढला : "दिशा बघून काय करता? आमचं घर चांगलं पूर्वेला होतं. समोर बावीस मजल्यांचा टॉवर आला. आता आमच्याकडे दिवस साडेदहाला उगवतो."

सोपानरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मंद हसले. हे लोक मोजल्याशिवाय बोलत होते.

भूमिपूजन श्रावणात झालं. सतरा दिवस सूर्याचं दर्शन नव्हतं. चिखलात ताडपत्री, ताडपत्रीखाली भटजी, आणि कडेने छत्र्या धरून अख्खी वाडी. नकाशा काढणारे इंजिनिअर धम्मरत्न हेही आले होते. शांत, कमी बोलणारा तरुण माणूस. पूजा उरकली तसे सोपानराव पुढे झाले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला. मोबाईलला चामडी कव्हर होतं, वहीसारखं उघडणारं आणि टक्‌ असा भारदस्त आवाज करून मिटणारं. 'शून्य दोष महिना' साजरा झाला तेव्हा कंपनीने ते त्यांना बक्षीस दिलं होतं. कोपऱ्यात तसं सोनेरी अक्षरांत छापलेलंही होतं. कव्हर उघडून त्यांनी होकायंत्राचं ॲप लावलं आणि जमलेल्या मंडळींकडे तोंड करून उभे राहिले.

"बघा," ते म्हणाले. "नव्वद अंश. पूर्व."

मंडळी उभी होती मंजुळाबाईंच्या पाण्याच्या टाकीपाशी. सगळ्यांनी वळून टाकीकडे पाहिलं. टाकीने आजवर असा काही दावा केला नव्हता.

"अरं, तकडं दक्षिण हाय," तात्याबा म्हणाले. "दोरी लावलीया न्हवं मी."

"तात्या, दोरी म्हणजे अंदाज झाला."

"सर," धम्मरत्न हळूच म्हणाले, "मोजणीच्या नकाशातही उत्तर जरा वेगळी दिसते. दोन दिवस थांबू या. ऊन पडलं की काठी उभी करून सावली बघता येईल."

"काठीचं कॅलिब्रेशन कुठलं, धम्मरत्न?"

धम्मरत्नांना काठीचं कॅलिब्रेशन ठाऊक नव्हतं. सोपानरावांनी कव्हर मिटलं, पुन्हा उघडलं, त्याच जागी उभं राहून पुन्हा वाचन घेतलं. नव्वद. तिसऱ्यांदा घेतलं. नव्वद. "याला पुनरावृत्तिक्षमता म्हणतात," ते टाकीच्या दिशेने म्हणाले. "काटा केसभर हलत नाही." काटा केसभर का हलत नाही, हा प्रश्न कंपनीतल्या कुठल्याही उपकरणाबाबत त्यांनी पहिल्यांदा विचारला असता. पण इथे चाळीस माणसं बघत होती.

"सोपाना, माझं ऐक," तात्याबा म्हणाले.

मग सोपानराव ते वाक्य बोलले. पुढे वर्षभर ते त्यांना दाढी करताना, गिअर टाकताना, सहीच्या मधोमध आठवत राहिलं. ते म्हणाले, "तात्या, हे अंगठ्याच्या मापाचं काम नाही. तुम्हाला यातलं कळत नाही." आणि बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खुंट्या उपटल्या.

तात्याबांनी खाली वाकून दोन्ही खुंट्या उचलल्या, धोतराच्या सोग्याला चिखल पुसला, दोरी गुंडाळली आणि सगळं काखेत मारून पत्र्याच्या खोलीकडे गेले. पेढे वाटले गेले तेव्हा ते नव्हते.

घर आता टाकीकडे बघणार हे ठरलं. पण नकाशा मंजूर करणाऱ्या कार्यालयात एक अडचण निघाली. तिथल्या साहेबांनी मोजणीचा नकाशा आणि सोपानरावांचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले.

"यात उत्तर इकडं आहे. तुमच्यात तिकडं."

"आमची बरोबर आहे," सोपानराव म्हणाले.

"असेल हो. पण फाइलमध्ये दोन उत्तरा चालत नाहीत. कुठली तरी एक ठेवा."

सोपानरावांनी उपकरण, वाचन, पुनरावृत्ती हे सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकत ऐकत डबा उघडला, बंद केला. पुढच्या मंगळवारी बोलावलं. पुढच्या मंगळवारी साहेब रजेवर होते. त्यानंतरच्या मंगळवारी एक शिपाई म्हणाला, "ते उत्तरवाले तुम्हीच का?" असं करत पाचव्या खेपेला तोडगा निघाला : शपथपत्र. सोपानरावांनी ते झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने सांगून टाइप करून घेतलं : 'मी, सोपान तात्याबा गाडे, वय ४८, धंदा नोकरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सोबतच्या नकाशात दाखवलेली उत्तर हीच माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरी उत्तर असून, त्याबाबत भविष्यात वाद उद्भवल्यास त्यास मी सर्वस्वी जबाबदार राहीन.' मुद्रांकावर सही झाली, शिक्का बसला. पृथ्वीच्या ध्रुवाची हमी घेणारा गाड्यांच्या घराण्यातला हा पहिलाच पुरुष.

दसऱ्याला जोतं झालं आणि ढग हटले. पहिल्याच सकाळी सूर्य घराच्या डाव्या अंगाने, न्हाणीघरासाठी आखलेल्या चौकोनातून वर आला.

बाळू जेसीबीवर बसून दात घासत होता. "दादा," तो म्हणाला, "ह्यो बाजूनं निघाला की."

"दक्षिणायन चालू आहे," सोपानराव म्हणाले. "सूर्य सरकत असतो. येईल समोर."

आणि खरोखरच तो सरकत होता. ही विज्ञानाची मोठी दुष्ट खोड आहे. ते चुकीच्या माणसालाही थोडे दिवस साथ देतं. दर रविवारी सोपानराव रावेतहून भल्या सकाळी यायचे आणि अर्धवट भिंतीवर, ऊन पडेल तिथे खडूने रेघ मारायचे. दर रविवारी रेघ बोटभर ओसरीच्या बाजूला. दिवाळीनंतर नऊ वाजेपर्यंत ऊन ओसरीवर यायलाही लागलं. "काय, आलं ना?" असं त्यांनी मंजुळाबाईंना बोलावून दाखवलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "आलं बाबा. पर हे नवाचं ऊन झालं. कवळं ऊन न्याहारीच्या आदी येतं."

बावीस डिसेंबरला सूर्य जितका जवळ यायचा तितका आला. ओसरीच्या समोर यायला त्याला अजून निम्म्याहून जास्त वाट बाकी होती. पुढच्या रविवारी रेघ जागची हलली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी ती माघारी गेली.

त्या रविवारी सोपानरावांना कळलं. याची नोंद घेतली पाहिजे, कारण पुढचे सहा महिने ते कळलं नसल्यासारखे वागले. भिंती तेव्हा खिडकीच्या तळाएवढ्याच आल्या होत्या. एक वाक्य बोलले असते तर दार डावीकडच्या भिंतीत घेता आलं असतं. धम्मरत्नांनी तासाभरात नकाशा फिरवून दिला असता. पण वाक्य बोलायचं म्हणजे ते चाळीस माणसांसमोर बोलायला हवं होतं, आणि पहिल्यांदा एका माणसासमोर. सोपानरावांनी खिशातून रुमाल काढला आणि भिंतीवरच्या सगळ्या खडूच्या रेघा पुसून टाकल्या.

"अहो," सोपानरावांच्या पत्नी सुप्रिया वहिनींनी एकदा पोळ्या लाटता लाटता विचारलं, "खरं सांगा. आपली पूर्व नक्की कुठे आहे?"

"नकाशात आहे ती."

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. फक्त पुढे घरातल्या समोरच्या दाराला त्या 'तुमची पूर्व' म्हणायला लागल्या. "तुमची पूर्व लावून घ्या, मांजर येतंय."

वैशाखात वास्तुशांत झाली. रावेतची, वाकडची, सासरची, कंपनीची मिळून मंडळी भरपूर. गुरुजी आळंदीकडचे, नवीन. त्यांना या प्रकरणाचा इतिहास माहीत नव्हता. ते म्हणाले, "यजमान, पूर्वाभिमुख बसा." सोपानराव उपरणं सावरून दाराकडे तोंड करून बसले. गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

"पूर्वाभिमुख," ते म्हणाले.

"हो, हो," सोपानराव म्हणाले.

गुरुजींच्या मागे अजून दोन वास्तू होत्या. त्यांनी वाद घातला नाही. ते उठले आणि यजमानांना उठवून त्यांचा पाट पाव फेरा डावीकडे वळवला. आता सोपानरावांच्या समोर दीड हातावर न्हाणीघराचं दार होतं. दाराच्या खुंटीला कुणाचा तरी ओला टॉवेल लटकत होता. पुढचे दोन तास सर्व पाहुण्यांच्या साक्षीने त्यांनी टॉवेलाच्या दिशेने अक्षता टाकल्या, आणि अधूनमधून कुणी ना कुणी "जरा जाऊन येतो हं" म्हणत त्या दारातून आत जाई आणि पूजेत खंड पडे. तात्याबा कोपऱ्यात नव्या फेट्यात बसले होते. ते पूर्ण वेळ समईकडे बघत राहिले. एकदाही हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

रावेतचं बिऱ्हाड वाडीवर आलं, तात्याबांची बाज ओसरीवर आली. पत्र्याच्या खोल्या पाडल्या. आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वारं फिरलं.

डोंगराकडून आलेला पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, हे मावळाच्या अंगाला राहणाऱ्या शेळीलासुद्धा ठाऊक असतं. ती पाठ करून उभी राहते. सोपानरावांचं घर तोंड करून उभं होतं. पाऊस पायऱ्या चढून ओसरीवर आला, ओसरीवरून 'तुमची पूर्व' ओलांडून बैठकीत आला आणि सोफ्याखाली गेला. वहिनींनी चादरी टाकल्या. बाळूने ताडपत्री बांधली, ती तासाभरात मंजुळाबाईंच्या टाकीवर जाऊन बसली. शेवटी टाकीचं आणि ताडपत्रीचं नातं भूमिपूजनापासूनचं. तात्याबांनी आपलं अंथरूण स्वतःच गुंडाळलं, बाज उभी केली आणि भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जाऊन फळीखाली बसले.

"औंदा लई झाला पाऊस," ते म्हणाले. औंदा पाऊस नुकता सुरू झाला होता.

पाऊस ओसरल्यावर धम्मरत्न आले, घर पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी फोटो काढायला. सोपानरावांनी त्यांना चहा दिला आणि मोबाईलमध्ये शपथपत्राची प्रत शोधायला लागले. धम्मरत्न त्यांच्या हातातल्या कव्हरकडे बघत होते.

"सर, ते जरा काढता का?"

"काय?"

"कव्हर."

सोपानरावांनी कव्हर काढलं. धम्मरत्नांनी ते हातात घेऊन टेबलावरच्या टाचणीजवळ नेलं. टाचणी टुणकन उडून झाकणाला चिकटली, बरोबर 'शून्य दोष' या शब्दांखाली. मग त्यांनी उघड्या मोबाईलवर होकायंत्र लावून टेबलावर ठेवलं. काटा गरकन फिरला, थोडा डुलला आणि न्हाणीघराच्या भिंतीकडे पूर्व दाखवून थांबला.

"झाकणात चुंबक असतं सर. मिटायला. घर दक्षिणेला आहे, जरासं पूर्वेला कललेलं." त्यांच्या आवाजात विजय नव्हता, खाली बघून ते पुढे म्हणाले, "मलाही तेव्हाच सुचायला पाहिजे होतं."

चुंबकाच्या जवळ उपकरण नेऊ नये, हे सोपानराव दर वर्षी नवीन भरती झालेल्या पोरांना पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवत. त्याचं एक चित्रही त्यांनी भिंतीवर लावलं होतं. चित्रातल्या मूर्ख माणसाला मिशा त्यांच्यासारख्याच होत्या, पण तो योगायोग होता.

"दाखल्यात काय लिहायचं सर?" धम्मरत्नांनी विचारलं. "दिशा बदलायची तर पहिल्यापासून फाइल. शपथपत्र पण रद्द करून घ्यावं लागेल."

"काही लिहू नका अजून," सोपानराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सकाळी ते न्हाणीघरात दात घासत उभे होते. वरच्या झरोक्यातून सरळ, सोनेरी, कोवळं ऊन आरशावर पडलं होतं. असं ऊन की ज्यासाठी माणूस घर बांधतो. बाहेर झरोक्याखाली प्लास्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कुंपणापलीकडून मंजुळाबाईंचा.

"आवं तात्याबा, रोज हितं काय बसताय त्या संडासाच्या पाइपापाशी? वास न्हाई का येत? चांगली ओसरी बांधलीया पोरानं."

"ओसरीवर लई डोळ्यावर येतंय ऊन," तात्याबा म्हणाले. "सोसत न्हाई आता."

"असं व्हय."

"घर झ्याक बांधलंय त्यानं. आमचंच वय झालं."

सोपानरावांच्या तोंडात फेस होता. नळ सोडला तर बाहेर ऐकू गेलं असतं, म्हणून ते तसेच उभे राहिले. ऐंशी ओलांडलेला माणूस आयुष्यात त्यांच्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे पहिल्यांदाच खोटं बोलला होता, तेही उन्हाबद्दल. मंजुळाबाईंची पावलं लांब गेली तसे त्यांनी तोंड धुतलं आणि मागच्या दाराने बाहेर आले. तात्याबा खुर्चीत पाय लांब करून गुडघ्यांवर हात फिरवत बसले होते. खुर्चीचा एक पाय चिखलात रुतला होता.

"तात्या," सोपानराव म्हणाले, "चुकलं माझं."

"काय?"

"दिशा."

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्यात ठाऊक काय असायचं? सूर्य दिसतो मला अजून."

"मग बोलला का नाहीत?"

तात्याबांचा हात गुडघ्यावर फिरत राहिला. "बोललो व्हतो की."

हे खरं होतं, आणि त्याला चाळीस साक्षीदार होते. सोपानराव शेजारी उकिडवे बसले. ऊन त्यांच्याही गुडघ्यांवर आलं. सेप्टिक टँकच्या पाइपाचा वास खरोखरच येत होता.

"मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "बाळूला, मंजुळाकाकूंना. माझीच चूक म्हणून."

"त्यास्नी ठाव हाय," तात्याबा म्हणाले. "तू आपला ह्या खुर्चीचं बघ. हालतीया."

पुढच्या रविवारी त्या खुर्चीच्या जागी, न्हाणीघराच्या भिंतीला लागून कट्टा बांधायला बाळूने उरलेल्या विटा आणल्या. "दादा, तोंड कुनीकडं?" असं त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, आणि नंतर बराच वेळ सिमेंट कालवायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. तात्याबांनी बाजेखालून दोन बाभळीच्या खुंट्या आणि गुंडाळलेली दोरी काढली. एक खुंटी त्यांनी ठोकली, दुसरी सोपानरावांच्या हातात दिली.

"ताण," ते म्हणाले.

सोपानरावांनी ताणली.

"लई न्हाई. हां. थांब तिथंच."

सोपानराव तिथेच थांबले. कट्टा सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद झाला. सकाळचं कोवळं ऊन त्याच्यावर समोरून येतं आणि पाऊस पाठीमागच्या घरावर पडतो.

दाखला गणपतीनंतर आला. त्याप्रमाणे घर पूर्वाभिमुख आहे, आणि कट्टा नाही.